कानाखाली, जबड्याखाली गाठ: ‘चरबीची’ म्हणून कापण्याआधी

कातळसडा (धागाकर्ता)

हा धागा एका चुकीसाठी काढतोय. कानाच्या पाळीखाली सुपारीएवढी गाठ दिसली, हाताला हलते, दुखत नाही. मग ‘चरबीची आहे, दहा मिनिटांचं काम’ म्हणून जागेवरच भूल देऊन दवाखान्याच्या टेबलावर ती काढायची. रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत हे अजून होतं. त्या जागी चरबीची गाठ क्वचितच असते. तिथे पॅरोटिड ही सर्वांत मोठी लाळग्रंथी असते, आणि कानासमोरची किंवा पाळीखालची टणक गाठ ही दुसरं काही सिद्ध होईपर्यंत पॅरोटिडचीच धरायची.

मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या. कानापुढे व खाली पॅरोटिड, जबड्याच्या हाडाखाली सबमँडिब्युलर, जिभेखाली सबलिंग्वल. याशिवाय ओठ, गाल, टाळू, घसा यांच्या अस्तरात सहाशे ते हजार बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ यांच्यातून येते. पॅरोटिडची नळी गालातून जाऊन वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. आरशात गाल ओढून पाहिला तर तिथे बारीक फुगवटा दिसतो. सबमँडिब्युलरची नळी जिभेखालच्या मधल्या पातळ पडद्याच्या बाजूला, खालच्या पुढच्या दातांच्या मागे उघडते.

मुख्य गोष्ट ही की चेहऱ्याची नस, फेशियल नर्व्ह, पॅरोटिडच्या पोटातून जाते. कवटीतून कानामागे बाहेर पडते, ग्रंथीत शिरते आणि पाच फांद्यांत पसरते: कपाळ, डोळा, गाल, खालचा ओठ आणि मान. भुवई उचलणं, डोळा मिटणं, पाणी पिताना ओठ आवळणं हे सगळं तिच्यावर. टेबलावर गाठ उपटताना ही नस दिसत नाही, आणि जी दिसत नाही तिला वाचवता येत नाही.

दुसरी अडचण उशिरा कळते. पॅरोटिडची सगळ्यात नेहमीची गाठ म्हणजे प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा. ती कर्करोगाची नसते, पण तिचं वेष्टण सलग नसतं. त्यातून बारीक बोंडं बाहेर डोकावतात. गाठ नुसती सोलून काढली तर ती बोंडं मागे राहतात, किंवा वेष्टण फाटून आतला चिकट गर जखमेत सांडतो. मग सात-आठ वर्षांनी, कधी पंधरा वर्षांनी, त्याच जागी एकाऐवजी दहा-बारा दाणे येतात, करवंदाच्या घोसासारखे, जुन्या व्रणात आणि नसेच्या फांद्यांना चिकटून. ती दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा कितीतरी अवघड.

इथे सगळे जाणकार आहेत. आपापल्या भागाचं नेमकं लिहा.

---

देवगडकर

प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिली चाळणी कशी लावायची ते लिहितो. पहिला प्रश्न: सूज जेवताना येते का? ‘जेवूक बसलंय काय गाठ येता, मगे आपसूक जिरता’ असं माणूस म्हणाला की नव्वद टक्के काम झालं. हा लाळेच्या नळीतला खडा. आंबट बघितलं तरी फुगते, तासा-दोन तासांत उतरते.

जी गाठ जेवणाशी संबंध न ठेवता तिथेच राहते, महिन्या-वर्षांत हळूहळू वाढते, ती वेगळ्या वाटेची. दोन्ही बाजूंना, ताप घेऊन, दोन-चार दिवसांत आली तर तिसरी वाट, बहुधा गालगुंडाची.

दुसरं म्हणजे तोंडाच्या आत पाहिल्याशिवाय मानेवर हात ठेवायचा नाही. आपल्याकडे तंबाखू, सुपारी, गुटखा आहेच, आणि बायकांत मिश्री. जबड्याखालची गाठ लाळग्रंथीची नसून तोंडातल्या कर्करोगाची उतरलेली लसिकाग्रंथी असू शकते. टॉर्च घ्या, कवळी असेल तर काढायला सांगा, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा पाहा, गाल आणि हिरडीच्या मधली खाच, जिभेखालची जागा, टाळू. हातमोजा घालून बोट फिरवा. डोळ्यांना न दिसणारा कडकपणा बोटाला लागतो. पॅरोटिडमध्ये गाठ असेल तर डोक्याची, कानामागची, कपाळाची त्वचाही पाहायची. तिथल्या जुन्या न भरणाऱ्या फोडाची गाठ पॅरोटिडमध्ये उतरते.

आणखी एक. सोनोग्राफी, सुईची तपासणी काही न करता ‘टीबीची असेल’ म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करायच्या नाहीत. पॅरोटिडमध्ये टीबी होतो, पण तो सिद्ध करून.

---

सुरंगी

दंतवैद्य म्हणून खड्याबद्दल लिहिते, कारण हे रुग्ण बहुतेक वेळा ‘दाढ दुखते’ म्हणून आमच्याकडेच येतात.

दहातले आठ-नऊ खडे सबमँडिब्युलर ग्रंथीत होतात. कारण सोपं आहे. तिची लाळ जास्त चिकट, जास्त क्षारीय, कॅल्शियम जास्त. नळी लांब आणि खालून वर चढणारी. उतार उलटा असल्यामुळे गाळ बसतो आणि त्याच्यावर कॅल्शियम फॉस्फेटचे थर चढतात. पॅरोटिडची लाळ पातळ असते, तिथे खडे कमी.

तपासायचं दोन हातांनी. एका हाताचं बोट तोंडात जिभेखाली, दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून जबड्याखाली, आणि मागून पुढे सरकायचं. मागून पुढेच. पुढून मागे दाबलं तर पुढे आलेला खडा परत ग्रंथीकडे ढकलला जातो. नळीच्या तोंडाशी असेल तर पिवळट पांढरा ठिपका अस्तराखालून दिसतो, तांदळाच्या कणीसारखा. मग जबड्याखालची ग्रंथी बाहेरून हलकेच वर दाबून नळीच्या तोंडाकडे पाहायचं. स्वच्छ लाळेचा थेंब आला तर नळी उघडी आहे. काहीच नाही आलं तर अडलेली. गढूळ किंवा पिवळा पू आला तर जंतुसंसर्ग.

एक्स-रे काढायचा तर फिल्म दातांमध्ये आडवी धरून खालून घेतलेला ऑक्लुजल. नेहमीच्या ओपीजीत, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या एक्स-रेत, हाडाच्या सावलीत खडा लपतो. सबमँडिब्युलरचे बहुतेक खडे एक्स-रेत दिसतात, पॅरोटिडचे अनेक दिसत नाहीत. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी सोनोग्राफी करायचीच.

---

मालवणी_माणूस

आमच्या भागात जेवताना फुगणाऱ्या गाठीवर आमसूल चघळायला सांगतात. बरोबर की चूक?

---

सुरंगी

बरोबर, पण मापात. आंबटाने लाळ सुटते आणि ती बारीक खड्याला बाहेर ढकलते. आमसुलाचा छोटा तुकडा, लिंबाची फोड किंवा आंबट गोळी जेवणाआधी पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. त्याबरोबर ग्रंथीवर कोमट शेक आणि मागून पुढे मालिश. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी. एप्रिल-मेच्या घामात, काजू-आंब्याच्या कामावर किंवा ट्रॉलरवर असणाऱ्याने तर नक्कीच, कारण पाणी कमी पडलं की लाळ घट्ट होते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचं माप त्या डॉक्टरांना विचारून.

जिथे चुकतं ते असं. दिवसभर आमसूल गालात धरून ठेवतात. त्याने दाताचं इनॅमल झिजतं, आणि लाळ कमी असेल तर लवकर झिजतं. आंबटानंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासानंतर. खारवलेलं आमसूल रक्तदाबवाल्यांनी नको. मधुमेह असेल तर साखरेच्या आंबट गोळ्या नकोत. आणि आंबटाने सूज वाढून दोन-तीन तासांतही उतरत नसेल तर नळी पूर्ण अडली आहे. तिथे आंबट चालू ठेवणं म्हणजे फक्त दुखणं वाढवणं.

---

कातळसडा

सुरंगीताईंनी छान मांडलंय. पुढचं मी लिहितो.

खडा नळीच्या पुढच्या भागात, बोटाला लागणारा असेल तर तोंडातूनच काढता येतो. जागेवर भूल, मग आधी खड्याच्या मागे नळीभोवती एक टाका घेऊन हलका ताण ठेवायचा, नाहीतर चीर देताच खडा मागे घसरतो आणि सगळं काम फुकट. नळीच्या लांबीने चीर, खडा बाहेर, आणि नळी शिवायची नाही. शिवली तर ती आकसून कायमची अरुंद होते. कडा बाजूच्या अस्तराला लावून उघडीच ठेवतात.

खडा मागे, दाढांच्या रेषेत असेल तर जिभेच्या संवेदनेची नस नळीला तिथेच ओलांडते. हे दवाखान्याच्या खुर्चीतलं काम नाही. चार मिलिमीटरपर्यंतचा, नळीत सुटा फिरणारा खडा दुर्बिणीने, म्हणजे सायलेंडोस्कोपीने, बारीक जाळीत पकडून निघतो. पॅरोटिडमध्ये हे माप तीन मिलिमीटरपर्यंत. त्याहून मोठा असेल तर फोडून किंवा दुर्बीण आणि चीर एकत्र. ग्रंथी काढणं हा शेवटचा मार्ग, जेव्हा ती वारंवार सुजून निबर झालेली असते किंवा खडा तिच्या पोटातच रुतलेला असतो.

खड्यामागे पू झाला तर अँटिबायोटिक आधी आणि खडा नंतर. ताप, तोंड उघडता न येणं, जिभेखालची जागा लाकडासारखी कडक होऊन जीभ वर उचलली जाणं, लाळ गिळता न येणं, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र काढायची नाही. ही सूज श्वास बंद करते. हा त्रास खड्यापेक्षा खालच्या किडलेल्या दाढेमुळे जास्त होतो. रुग्णाला झोपवून नव्हे, बसवून न्यायचं.

---

आशाताई_गुहागर

गालगुंडाबद्दल कोणीतरी लिहा. शाळा सुरू झाल्या की दरवर्षी विचारणा होते, आणि लेप, बिब्बा, डाग देणं अजून काही वाड्यांवर आहे.

---

देवगडकर

ताई, मुद्द्याचं विचारलंत.

गालगुंड विषाणूमुळे होतं. संसर्ग झाल्यापासून साधारण 16 ते 18 दिवसांनी सूज येते. कानाची पाळी वर आणि बाहेर उचललेली दिसते, चावताना दुखतं, आंबटाने कळ येते. एका बाजूला सुरू होऊन दोन-तीन दिवसांत दुसऱ्या बाजूला जाते. सूज दिसल्यापासून पाच दिवस मूल शाळेत पाठवायचं नाही. सूज यायच्या आधीचे एक-दोन दिवसही ते पसरवतंच, त्यामुळे वर्गातली साथ नुसत्या सुट्टीने पूर्ण थांबत नाही.

औषध म्हणजे पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, पातळ भात, पेज, भरपूर पाणी. ॲस्पिरिन मुलांना नाही. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. बिब्ब्याने त्वचा भाजते, डागाने जखम होते, आणि सूज आठवड्या-दहा दिवसांत आपणच उतरणार असते, म्हणून श्रेय डागाला मिळतं.

लगेच पाठवायचं कधी? उलट्यांसह डोकं खूप दुखून मान ताठ झाली, एका कानाने ऐकू येईना, पोटात वरच्या भागात तीव्र कळा, किंवा वयात आलेल्या मुलाच्या वृषणाला सूज. ही सूज बहुतेक एका बाजूला येते आणि वंध्यत्व क्वचित येतं; आईवडील त्याच भीतीने अर्धमेले होतात, म्हणून स्पष्ट सांगावं.

लसीचं लक्षात ठेवा. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची लस आहे, तिच्यात गालगुंड नाही. गालगुंडासह असलेली एमएमआर बालरोगतज्ज्ञांकडे मिळते. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकानुसार 9 महिने, 15 महिने आणि 4 ते 6 वर्षं. ‘सगळ्या लसी झाल्यात’ असं कार्ड दाखवलं तरी गालगुंडाची झाली आहे असं धरू नका.

आणि ‘याला तिसऱ्यांदा गालगुंड झालं’ असं कोणी सांगितलं तर ते गालगुंड नाही. लहान मुलांत पॅरोटिड वारंवार सुजण्याचा वेगळा आजार असतो, बहुधा एका बाजूला, तीन ते सहा वर्षांच्या आसपास सुरू होणारा. सोनोग्राफीत ग्रंथीत बारीक काळे ठिपके दिसतात. वयात येईपर्यंत बहुतेकांचा थांबतो.

---

स्लाइडवाली

पॅथॉलॉजीच्या बाजूने. पॅरोटिडच्या गाठीला सोनोग्राफीनंतर पहिली तपासणी बारीक सुईची, एफएनएसी. 23 किंवा 25 गेजची सुई, दोन-तीन वेळा वेगवेगळ्या कोनातून. ‘सुई लावली की पसरतो’ ही भीती इथे मनातून काढून टाका. इतक्या बारीक सुईने ते सहसा होत नाही. पसरतं ते उघडी चीर देऊन तुकडा काढल्याने, म्हणून पॅरोटिडमध्ये तशी बायोप्सी टाळतात.

तालुक्याच्या ठिकाणी सुई घेऊन स्लाइड्स बाहेर पाठवणाऱ्यांसाठी: अर्ध्या स्लाइड्स हवेत वाळवायच्या, अर्ध्या 95 टक्के अल्कोहोलमध्ये लगेच, ओल्या असतानाच बुडवायच्या. दोन सेकंदांचा उशीरही पेशी बिघडवतो. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली स्लाइड वाळतच नाही. पेशी फुगतात, केंद्रकं धूसर होतात, आणि मग आम्हाला ‘नमुना अपुरा’ लिहावं लागतं. पंख्याखाली धरा, किंवा ड्रायरची थंड हवा द्या. गरम नको. आणि हवेत वाळवलेल्या स्लाइड्स फॉर्मलिनच्या (काढलेली गाठ टिकवायच्या द्रावाच्या) बाटलीबरोबर एकाच डब्यात पाठवू नका. फॉर्मलिनच्या नुसत्या वाफेने गिम्झाचा, म्हणजे पेशी रंगवायच्या द्रावाचा, रंग निळसर होऊन जातो, सगळी स्लाइड वाया. हे आठवड्याला घडतं.

प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा गिम्झात ओळखू येतो तो त्याच्या मॅट्रिक्समुळे, म्हणजे पेशींमधल्या पदार्थामुळे: झगझगीत किरमिजी, कडांना तंतू सुटलेला, नारळाचा काथ्या पिंजल्यासारखा, आणि त्या तंतूंत पेशी अडकलेल्या. ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा या कर्करोगात तोच किरमिजी पदार्थ गोल, कडा धारदार, गोळ्यांसारखा. फरक बारीक, पण एक सौम्य गाठ आणि दुसऱ्याला मोठी शस्त्रक्रिया. वॉर्थिनच्या गाठीतून (पॅरोटिडची आणखी एक सौम्य गाठ) सुईत तपकिरी, इंजिनाच्या जुन्या तेलासारखा द्रव येतो.

सुईच्या अहवालात आता लाळग्रंथींसाठीच्या मिलान पद्धतीचे वर्ग येतात, 2018 पासूनचे. 1 म्हणजे नमुना अपुरा. याचा अर्थ ‘काही नाही’ असा नव्हे, परत सुई. 2 म्हणजे गाठ नसलेला आजार, सूज वगैरे. 3 म्हणजे पेशी विचित्र पण ठरवता येत नाही. 4 चे दोन भाग, अ सौम्य गाठ, ब म्हणजे गाठ आहे पण सौम्य की घातक हे सुईने सांगता येत नाही. 5 संशय, 6 कर्करोग. ‘4 ब’ पाहून रुग्णाला धीर देऊन घरी पाठवू नका. त्याला शस्त्रक्रिया लागते.

---

कातळसडा

ताई, काढलेल्या गाठीच्या बाटलीबद्दलही लिहा. तिथे अजून चुकतं.

---

स्लाइडवाली

हो, राहिलंच. फॉर्मलिन 10 टक्के: बाजारातल्या फॉर्मलिनचा एक भाग आणि नऊ भाग पाणी, शक्य असेल तर बफर केलेलं. गाठीच्या आकाराच्या दहापट. रुंद तोंडाची बरणी घ्या. अरुंद बाटलीत मऊ गाठ कोंबली की ती तिथेच कडक होते, बाहेर काढायला कापावी लागते आणि कडा कुठली ते कळत नाही. सलाइनमध्ये पाठवू नका, सडते. खुणेचा टाका कोणत्या बाजूला ते चिठ्ठीत लिहा, वरच्या टोकाकडचा लांब, कानाकडचा आखूड, असं काहीतरी. आणि अख्खी पाठवा. अर्धी एका लॅबला, अर्धी दुसऱ्याला, असं नको.

---

भरती_ओहोटी

गाठींचं गणित असं. लाळग्रंथींच्या साधारण 80 टक्के गाठी पॅरोटिडमध्ये होतात, आणि पॅरोटिडमधल्या साधारण 80 टक्के सौम्य असतात. ग्रंथी जितकी लहान, तितकं घातक असण्याचं प्रमाण जास्त. सबमँडिब्युलरमध्ये जवळपास निम्म्या. टाळूवरच्या बारीक ग्रंथींतली गाठ तर निम्म्याहून अधिक वेळा घातक. म्हणून टाळूवर मधल्या रेषेच्या बाजूला, न दुखणारा, अस्तर शाबूत असलेला फुगवटा दिसला तर ‘दाताचा पू’ म्हणून चीर देऊ नये.

वॉर्थिनची गाठ धूम्रपान करणाऱ्यांत, वयस्क पुरुषांत, पॅरोटिडच्या शेपटीशी, म्हणजे खालच्या टोकाशी, कधी दोन्ही बाजूंना. इतर लाळग्रंथींच्या कर्करोगांत तंबाखूचा संबंध तोंडाच्या कर्करोगाइतका स्पष्ट नाही. त्यामुळे ‘मी तंबाखू खात नाही, म्हणजे कर्करोग नाही’ हा तर्क या गाठींना लागू नाही.

घातक असण्याच्या खुणा: गाठ भराभर वाढणं, दुखणं, त्वचेला किंवा खाली चिकटणं, मानेत दुसऱ्या गाठी, आणि चेहऱ्याची नस जाणं. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडे तोंड वाकडं झालं की ‘तोंडावरून वारं गेलं’ म्हणतात. खरं वारं, म्हणजे बेल्स पाल्सी, एक-दोन दिवसांत पूर्ण येतं आणि बहुतेकांचं तीन आठवड्यांत सुधारायला लागतं. जे आठवड्यांमागून आठवडे हळूहळू वाढतं, किंवा ज्यात एकच फांदी जाते, उदाहरणार्थ फक्त खालचा ओठ, किंवा तीन महिन्यांत काहीच सुधारत नाही, त्याला पॅरोटिडचा एमआरआय हवाच. कानाखाली गाठ आणि तोंड वाकडं, दोन्ही एकत्र असेल तर कर्करोग धरूनच चालायचं.

सर्वांत नेहमीचा कर्करोग म्युकोएपिडर्मॉइड. त्यात कमी, मध्यम आणि जास्त अशा श्रेणी आहेत आणि उपचार श्रेणीवर ठरतात. ॲडेनॉइड सिस्टिक वेगळा. सावकाश वाढतो, नसांच्या आवरणातून प्रवास करतो, लसिकाग्रंथींपेक्षा फुप्फुसात जास्त जातो, आणि दहा-पंधरा वर्षांनीही परत येतो. ‘पाच वर्षं झाली, सुटलो’ हे वाक्य त्याच्यासाठी नाही. छातीचा सीटी वेळोवेळी लागतो. आणि जुना प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा वर्षानुवर्षं ठेवला तर त्यातूनही कर्करोग उठतो. वीस वर्षं शांत असलेली गाठ दोन महिन्यांत दुप्पट झाली तर तेच समजा.

---

मालवणी_माणूस

शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात? आणि नस वाचते का?

---

कातळसडा

चीर कानाच्या पुढून सुरू होऊन पाळीखाली वळून मानेच्या घडीत जाते. भरल्यावर फारशी दिसत नाही. भूल पूर्ण, पण स्नायू ढिले करणारं औषध सुरुवातीनंतर देत नाहीत, कारण नसेला स्पर्श झाला की चेहरा हलताना दिसायला हवा. आधी नसेचं खोड शोधायचं. खुणा तीन: कानासमोरच्या कूर्चेचं टोक, ज्याच्या एक सेंटिमीटर खाली व आत नस असते, जबड्याखालच्या डायगॅस्ट्रिक स्नायूची वरची कड, तेवढ्याच खोलीवर, आणि कानामागच्या हाडाची सांध. खोड सापडलं की प्रत्येक फांदीवरून ग्रंथी अलगद उचलत जायची, आणि गाठ तिच्याभोवतीच्या निरोगी ग्रंथीच्या थरासकट बाहेर. गाठीला हात न लागता. नस मॉनिटरने तपासता येते, पण मॉनिटर ओळखीची जागा घेत नाही.

गाठ नसेच्या खालच्या भागात असेल तर एमआरआय आधीच दाखवतो. कधी ती घशाकडे वाढते आणि टॉन्सिल आत ढकलते. घशात एक बाजू फुगलेली, ताप नाही, दुखत नाही, तोंड नीट उघडतं. तिथे पू समजून सुई किंवा चाकू लावायचा नाही.

नंतर काय होतं ते रुग्णाला आधीच सांगावं. कानाच्या पाळीची बधिरता बऱ्याच जणांना, महिनोन्‌महिने. पाळीत कानातलं घालताना लक्ष ठेवायला सांगा. काही काळ ओठ किंवा डोळा कमजोर राहू शकतो. नस शाबूत असेल तर तो आठवडे ते सहा महिन्यांत येतो. तोपर्यंत डोळा पूर्ण मिटत नसेल तर दिवसा दर दोन तासांनी थेंब, रात्री मलम आणि पापणी चिकटपट्टीने बंद. आळस झाला तर बुबुळाला व्रण पडतो. जखमेतली निचऱ्याची नळी काढतात ती चोवीस तासांत 20-30 मिलीपेक्षा कमी आल्यावर. त्यानंतर जखमेखाली पुन्हा पाणी साठलं, विशेषतः जेवताना फुगलं, तर ती लाळ. सुईने काढून दाबाची पट्टी, काही आठवड्यांत थांबते.

काही महिन्यांनी जेवताना गालावर घाम आणि लाली येऊ शकते. हा फ्रेचा आजार. कापलेल्या लाळेच्या नसा वाढताना चुकून घामाच्या ग्रंथींना जोडल्या जातात. गालावर आयोडीन लावून वाळवून वर स्टार्च भुरभुरला आणि आमसूल चघळलं की घाम आलेली जागा काळी पडते. त्रास असेल तर त्याच जागी बोटुलिनमची सुई. सहा महिने ते वर्षभर बरं राहतं, मग परत.

सबमँडिब्युलर काढताना चीर जबड्याच्या कडेच्या दोन बोटं खाली, म्हणजे खालच्या ओठाची फांदी वाचते.

---

सुरंगी

सततच्या कोरड्या तोंडाबद्दलही दोन शब्द. आधी गोळ्यांची पिशवी रिकामी करून पाहा. सर्दीच्या गोळ्या, ॲमिट्रिप्टिलीन, लघवीच्या गोळ्या, अस्वस्थतेची औषधं, यांनी तोंड सुकतं. मधुमेह तपासा. त्यानंतर उरतो तो शोग्रेनचा आजार: बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या बायका, तोंड आणि डोळे दोन्ही कोरडे, भाकरी पाण्याशिवाय उतरत नाही, हिरडीच्या रेषेजवळ दात भराभर किडतात. घरच्या घरी अंदाज: पंधरा मिनिटं आंबट काही न घेता, न चावता कपात लाळ थुंकायची. दीड मिलीपेक्षा कमी, म्हणजे मिनिटाला 0.1 मिलीच्या आत, आली तर तज्ज्ञांकडे. डोळ्याच्या शिर्मर पट्टीवर, म्हणजे अश्रू मोजायच्या कागदी पट्टीवर, पाच मिनिटांत पाच मिलिमीटर किंवा कमी. रक्तात रो आणि ला प्रतिद्रव्यं, आणि शंका उरली तर खालच्या ओठाच्या आतून चार-सहा बारीक ग्रंथींची बायोप्सी. अशांच्या पॅरोटिडची सूज एका बाजूला टणक होऊन वाढत राहिली तर लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) शोधायचा.

तोवर फ्लोराइडची टूथपेस्ट दोन वेळा, घासल्यावर पाण्याने न धुता थुंकून टाकायची. पायलोकार्पीन 5 मिग्रॅ दिवसातून तीनदा डॉक्टरांच्या सांगण्यावरून. दमा किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर नको.

---

भरती_ओहोटी

रेडिओथेरपीच्या रुग्णांसाठी सुरंगीताईंचं हेच लागू, आणि आणखी एक. सुरू होण्यापूर्वी दोन ते तीन आठवडे आधी खराब दाढा काढून जखमा भरू द्या. नंतर काढल्या तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण 60 ते 66 ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप), रोज 2 ग्रे, आठवड्यात पाच दिवस, म्हणजे सहा-साडेसहा आठवडे. दुसऱ्या बाजूच्या पॅरोटिडला सरासरी 25-26 ग्रेच्या आत ठेवलं तर लाळ काही प्रमाणात परत येते. म्हणून यंत्र कोणतं आहे हे विचारायला हरकत नाही. आयएमआरटी, म्हणजे किरणं नेमक्या आकारात देणारी पद्धत, असेल तर ग्रंथी वाचवता येते.

---

आशाताई_गुहागर

कुठे पाठवायचं ते सांगा. गावातला माणूस मुंबई ऐकलं की गप्प बसतो.

---

देवगडकर

सोनोग्राफी आणि सुईसाठी मुंबई लागत नाही. डेरवणचं वालावलकर रुग्णालय, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, दक्षिणेकडच्यांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. कर्करोग ठरल्यावर परळचं टाटा स्मारक किंवा त्याचंच खारघरचं केंद्र. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेच्या तारखेआधी भेटा. आधी पैसे भरून नंतर मागणं जमत नाही. मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेकांना माहीत आहे. पत्र रुग्णालयातूनच घ्या.

पिशवीत काय न्यायचं: सोनोग्राफी-एमआरआयच्या सीडी, नुसता अहवाल नव्हे. सुईच्या स्लाइड्स. आणि आधी काही कापलं असेल तर ती स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक, म्हणजे गाठीचा तुकडा बसवलेली मेणाची वडी. तो ब्लॉक जिथे गाठ तपासली त्या लॅबकडे असतो आणि रुग्णाला मागितल्यावर मिळतो. चुकून दवाखान्यात कापलेली आणि बादलीत टाकलेली गाठ मात्र कुठेच मिळत नाही.

---

आशाताई_गुहागर

ब्लॉक मागायची चिठ्ठी कुणाच्या नावाने लिहायची?

---

स्लाइडवाली

लॅबच्या पॅथॉलॉजिस्टच्या नावाने. रुग्णाचं पूर्ण नाव, तपासणीचा क्रमांक आणि तारीख, ‘पुढील उपचारासाठी ब्लॉक व स्लाइड्स मिळाव्यात’ एवढं पुरे. रुग्णाची सही आणि ओळखपत्राची प्रत. क्रमांक अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात असतो. नातेवाईक घ्यायला जाणार असेल तर त्याचं नावही त्याच चिठ्ठीत घाला. ब्लॉक कापसात गुंडाळून छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा, उन्हात गाडीच्या काचेजवळ ठेवू नका. मेण वितळतं.